उजव्या बाजूचा टूल बॉक्स

जुना पत्रा घेताना आधी तो बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. धड पत्रा टणक वाजतो. ठोकून सरळ केलेला, लांबी म्हणजे पुट्टी भरलेला आणि वरून रंग मारलेला पत्रा बदबद वाजतो. हे मला कोणी शिकवलं नाही. उपकेंद्रात दिवसभर लहान पोरांची पोटं वाजवून पाहायची सवय होती, तीच कबाड्याच्या दुकानात कामाला आली.

मी नर्स होते. वडनेरच्या आतल्या अंगाला, नदीकडच्या एका गावात माझं उपकेंद्र होतं. नवरा गुरांच्या दवाखान्यात. त्याच्याकडे अकरा गावं आणि माझ्याकडे सहा, आणि या सतरा गावांना मिळून आमची एक मोटरसायकल. त्या काळात आमच्याकडे एकाच जातीची मोटरसायकल सगळीकडे दिसायची. जड, आवाज करणारी, कुठल्याही बांधावरून जाणारी. दिवाळीनंतर एका सकाळी तिच्यापुढे रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. रोही पळून गेला. नवऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि गाडीचं पुढचं मडगार्ड, हेडलाईटचा डोम आणि उजव्या बाजूचा टूल बॉक्स कामातून गेले. नवीन सामान नागपूरहून येणार, कधी येणार ते दुकानदारालाही माहीत नाही. नवरा गळ्यात झोळी बांधून बाजेवर पडलेला. तेव्हा मीच एसटीने हिंगणघाटला गेले आणि कबाड्याच्या दुकानात शिरले.

कबाडी म्हातारा होता. डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा.

"बाई, हे बायांचं काम नोहे. नवऱ्याले पाठवायचं नं," तो म्हणाला.

"नवरा मोडला हाय. गाडी मोडली हाय. मी तेवढी धड हावो."

तो हसला. "मंग तर भाव कमीच करा लागते."

केला नाही. पण ढीग उपसू दिला. मडगार्ड लगेच मिळालं. डोमला एक पोचा होता, तो चालण्यासारखा होता. टूल बॉक्स मात्र पाच-सहा पाहिले आणि सगळे बदबद वाजले. शेवटी ढिगाच्या खालून एक हिरवा निघाला. वाजवला तर टणक. झाकण बसत होतं, कडी शाबूत होती. आत बोटभर वाळू होती, ती मी तिथेच झटकली. आमची गाडी काळी, पण रंगाचं काय, रंग घरी मारता येतो.

"हा कुठचा हो?"

"गाडीचा," कबाडी म्हणाला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात पोतं अंथरलं, रॉकेलची बाटली आणि पॉलिश पेपर घेतला आणि घासायला बसले. नवरा बाजेवरून हुकूम सोडत होता. "गोल नको घासू, उभा घास. पाणी घे थोडं."

"तुम्ही पडून राहा. बैलाचं हाड बसवता तुम्ही, स्वतःचं बसवता आलं नाई."

हिरवा रंग कोणीतरी घाईत मारलेला होता. तो पापुद्र्यासारखा निघाला. खाली गाडीचा मूळ काळा रंग. आणि काळ्यावर लाल काहीतरी. मला वाटलं गंज आहे, म्हणून जोर लावला. गंज निघतो. हे निघेना. मी उभा हात चालवत गेले आणि लालाची एक पट्टी लांब झाली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. मी थांबले. थोडं रॉकेल ओतलं, फडक्याने पुसलं.

तो पंजा होता. बाईचा उजवा हात, बोटं फाकवून टेकवलेला. अंगठा, तीन बोटं पुरी, आणि करंगळी अर्धी.

ती अर्धी करंगळी मी ओळखते. ती मीच शिवली होती.

त्या हाताची बाई आमच्याच गावात लग्न होऊन आलेली. आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात कडबा कापायच्या यंत्रात तिचं बोट गेलं. सासूने हळद दाबून, लुगड्याचं फडकं गुंडाळून तिला माझ्याकडे आणलं. ती रडली नाही, फक्त विचारलं, "बाई, भाकर थापता येईन ना?" येईल म्हटलं. आली. माझ्या रजिस्टरात तिचं नाव होतं, पण माझ्या मनात ती करंगळीवालीच राहिली, इथेही तेच म्हणते.

तिच्या नवऱ्याने मोटरसायकल घेतली ती पोळ्याच्या आठवड्यात. त्या पोळ्याला त्याने बैलांच्या शेजारी गाडी उभी केली, तिला झूल घातली, हँडलला बेगड बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, हा माझा तिसरा बैल. नव्या वस्तूवर घरच्या लक्ष्मीने हळदीकुंकवाचा हात उमटवायचा असतो. कुंकवाचा हात पहिल्या पावसात जातो. त्याला तो जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून बैलांची शिंगं रंगवायला आणलेला लाल तेलरंग त्याने तिच्या तळहाताला फासला आणि तो हात टूल बॉक्सवर दाबला. गाव हसलं. तिचा हात आठ दिवस लाल राहिला. ती लाजत माझ्याकडे आली होती, "बाई, हे कायनं निघते?" मी म्हटलं रॉकेलनं, आणि तिला बाटलीतलं थोडं दिलं. हाताचा रंग निघाला. गाडीवरचा राहिला.

पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत असताना, तो गाडी घेऊन गेला. "नदीपल्याड जाऊन येतो," एवढंच बोलला. दुपारी वडनेरच्या स्टँडवर कोणी त्याला चहा पिताना पाहिलं. संध्याकाळी नदी चढली आणि रपटा, म्हणजे नदीवरचा बुटका पूल, पाण्याखाली गेला तो तीन दिवस. तो परत आला नाही.

नदीपल्याड त्याची एक बाई होती, असं गाव आधीपासून बोलायचं. आता उघड बोलू लागलं. पंधरा दिवसांनी त्याच्या चुलतभावाने सांगितलं की पलीकडच्या बाजारात तो पाठमोरा दिसला, हाक मारली तर गर्दीत घुसला. तेवढं पुरलं. आमच्या ठाण्यात हरवल्याचा कागद झाला, तो तिथेच पडून राहिला. सासरा म्हणू लागला, हिच्या तोंडाळपणानं माझा पोरगा गेला. ती मुळात तोंडाळ नव्हती. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, कुंकू लावायची, हरतालिका धरायची. चार वर्षं.

आणि आता तिचा हात माझ्या अंगणात पोत्यावर पडला होता.

नवरा बाजेवरून उठून आला. त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "काळा रंग मार अन् चूप राह्य. गाडीची चोरी झाली असन, विकली असन त्यानंच. आपल्याले काय माहीत?"

"माहीत नाई म्हणून तर विचारते."

"कोणाले?"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बाळंतपणात मेलेल्या बायका मी धुतल्या आहेत आणि घरी येऊन जेवले आहे. पण तो टूल बॉक्स मी रात्री अंगणात ठेवला नाही, घरातही नाही. उपकेंद्राच्या कपाटात, कापसाच्या गठ्ठ्याशेजारी ठेवून कुलूप लावलं. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून कापूस काढताना हात आखडता घेतला, एवढं खरं.

पुन्हा कबाड्याकडे गेले. या वेळी तो हसला नाही. त्याला वाटलं चोरीचा माल म्हणून मी पोलिसात जाणार. म्हणाला, चोरीचा नाही, लिलावाचा आहे. नदीपलीकडच्या ठाण्यात बेवारस गाड्यांचा लिलाव झाला, त्यातला. नंबरप्लेट नव्हती. वाळूत सापडलेली गाडी.

"बाकीची गाडी कुठं हाय?"

"गेली बाई भट्टीत गलायले. इंजिनात रेती, चेसिस सडलेली. हा डबा तेवढा चांगला निंगाला. मीच हिरवा मारला."

"हात नाई दिसला?"

"दिसला," तो चष्मा पुसत म्हणाला. "म्हणून तर मारला."

नदी ही आमच्या जिल्ह्याची हद्द. माणूस हरवल्याचा कागद अलीकडच्या ठाण्यात आणि गाडी पलीकडच्या ठाण्यात. मध्ये फक्त पाणी, तेही उन्हाळ्यात गुडघाभर. या दोन गोष्टी चार वर्षांत एकमेकींना भेटल्या नाहीत.

नवऱ्याचं हाड जुळल्यावर एका रविवारी आम्ही दोघं रपट्यावर गेलो. टूल बॉक्स पिशवीत होता, गाडीची उजवी बाजू तशीच उघडी. थंडीचे दिवस, पाणी उतरलेलं, आणि वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजाचे मळे, लागत होत्या. डांगर लावणारे लोक पूर ओसरला की वाळूत हात-दीड हात खोल खड्डे करतात, तळाला शेणखत घालतात आणि त्यात बी टाकतात. रपट्याच्या खालच्या अंगाला एक म्हातारा खड्डे खणत होता. गाडीची गोष्ट काढली तर त्याने फावडं खाली ठेवलं.

"मलेच सापडली ते. खड्डा करून राह्यलो होतो, फावडं टणकन वाजलं. मले वाटलं हंडा हाय!" तो स्वतःशीच हसला. "हंडा कायचा बाप्पा, चाक निंगालं."

"कधी?"

"दोन पूर गेलते तिच्यावरून. तिसऱ्या साली."

"माणूस?"

त्याने मान हलवली. "माणूस नाई. आम्ही चौघांनी आजूबाजूले लय खणलं. एक चप्पल भेटली, तेही कोणाची कोण जाणे. नदीले का एकच चप्पल वाहून येते?"

मी मग तो प्रश्न विचारला. स्वतःसाठी नाही. मला ठाऊक होतं, करंगळीवालीला कळलं की ती हेच विचारणार.

"गाडीचं तोंड कुकडे होतं? त्या काठाले की आमच्या?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "उलटी होती बाई. चाकं वर. तोंड आभाळातही नाई अन् काठालेही नाई. वाळूत घुसलेलं."

परतताना नवरा म्हणाला, आता तरी सोड. मी म्हटलं, आता तर सोडताच येत नाही.

तिला उपकेंद्रात बोलावलं. दुसरं कोणी नको म्हणून बुधवारी, बाजारच्या दिवशी. पण ती आली तेव्हा मागोमाग सासराही आला. बाई सुनेला बोलावते म्हणजे काहीतरी लफडं, असं त्याला वाटलं असणार. तो दारातच उकिडवा बसला.

"काय केलं आता हिनं?"

"काई नाई केलं. तुम्ही बसा चूप."

मी कपाट उघडलं आणि टूल बॉक्स टेबलावर ठेवला. अंगठा, तीन बोटं, अर्धी करंगळी. तिने ओळखायला एक क्षणही घेतला नाही. तिने उजवा हात पदरात गुंडाळून घेतला, जणू कोणी तो मागायला आलं होतं.

मी जे कळलं ते सरळ सांगितलं. कबाडी, लिलाव, वाळू, डांगरवाला. माणूस सापडला नाही हेही सांगितलं. म्हातारा सासरा हळूहळू भिंतीला टेकला. त्याच्या तोंडातून एवढंच निघालं, "पुरात?"

"पुरात."

"म्हंजे बाजारात दिसला तो..."

"तो कोणी दुसरा असन."

करंगळीवालीने इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाई, गाडीचं तोंड कुकडे होतं?"

सासऱ्यानेही मान वर केली. त्या एका प्रश्नावर त्या पोरीचं सगळं टांगलेलं होतं. तोंड पलीकडे असेल तर तो हिला टाकून जाताना बुडाला, आणि ती आयुष्यभर गोठ्याशेजारी. तोंड अलीकडे असेल तर तो घरी येत होता.

मी कधी पेशंटला खोटं सांगितलं नाही. कॅन्सर असेल तर कॅन्सर सांगितला. पोटातलं मूल मेलेलं असेल तर तसं सांगितलं, त्यावर बायका मला शिव्या देऊन गेल्या. पण त्या दिवशी मी म्हटलं, "गावाकडं होतं. आपल्या गावाकडं."

म्हातारा रडायला लागला. असा रडला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. ती मात्र उठली, टूल बॉक्सला हात न लावता म्हणाली, "हे रंगवून टाका बाई. मले नाई पाहायचं." आणि सासऱ्याला दंडाला धरून उठवलं.

पुढचं भराभर झालं. नदीवर जाऊन पिठाचा पुतळा करून त्याचे विधी केले. तिने कुंकू पुसलं. सासूने गोठ्याशेजारची खोली मोकळी करून तिला घरात घेतली. वाटणीच्या वेळी थोरल्या दिराएवढं वावर तिच्या नावावर झालं, कारण तिचा नवरा तिच्याकडे येत होता. कोणी काही बोललं नाही. गाव जसं एका वाक्यावर फिरलं होतं, तसं दुसऱ्या वाक्यावर परत फिरलं. चुलतभाऊसुद्धा म्हणू लागला की तो पाठमोरा माणूस जरा बुटका होता.

मी टूल बॉक्सला पॉलिश पेपर मारला, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि गाडीला बसवला. आणि तिथून माझे दिवस बिघडले.

गाडीचा आवाज. त्या गाड्यांचा एकच आवाज असतो आणि रस्त्यावर त्याच गाड्या. माझ्या दारापुढे कोणी गाडी हळू केली की हातातली सुई थांबायची. पाठमोरा माणूस बुटका होता की उंच? कबाड्याने सांगितलेली गाडी सापडली, माणूस नाही. मी त्याला घरी येताना बुडवला होता. तो कुठे जिवंत असेल आणि आपल्या दारात येऊन उभा राहिला, तर त्याच्या बायकोचं पांढरं कपाळ माझ्या नावावर. पलीकडच्या बाजारात मला किराणा घ्यायला जावं लागायचं. तिथे मी पाठमोऱ्या माणसांना ओलांडून पुढे जायची आणि वळून तोंड पाहायची. नवरा म्हणायचा, काय शोधून राह्यली? मी म्हणायची, भाजी.

आणि रंग राहीना. पहिल्या उन्हाळ्यात टूल बॉक्सवरचा काळा रंग फुगला, फोड आले आणि पापुद्रे निघाले. फक्त पंजाएवढ्या जागेत. कारण साधं आहे. शिंगाचा तेलरंग गुळगुळीत, त्यावर दुसरा रंग धरत नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याने मला. दोघांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. दरवर्षी चैत्रात मी घासायची, रंग मारायची आणि पुढच्या चैत्रात बोटं वर यायची. आधी मधलं बोट, शेवटी करंगळी. पत्रा खरवडून हात काढून टाकता आला असता. मी तेवढं केलं नाही.

पाच वर्षांनी माझी बदली आष्टीकडे झाली. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता, गाडी तेवढी दारात उभी होती. गावातल्या बाया भेटायला आल्या, ओट्या भरल्या, गेल्या. करंगळीवाली सगळ्यात शेवटी आली. आता तिचं वावर तीच करायची. खांदे रुंद झाले होते, बोलणंही.

ती गाडीच्या उजव्या बाजूला गेली. रंगाचे फोड फुटून बोटं दिसत होती. तिने तळहात त्यावर ठेवला. बसला नाही. तिचा हात त्या हातापेक्षा मोठा झाला होता.

"काय व, वाढलं का बोट?" मी उगाच म्हटलं.

"काम करते माणूस तर हात वाढते." मग हात न काढता म्हणाली, "बाई, तो डांगरवाला आमच्या बाजारात येते. गेल्या वर्षी मी त्याच्याजोळून डांगर घेतलं."

मी हातातली पिशवी हँडलला अडकवली.

"विचारलं मी त्याले. उलटी होती म्हणे."

दारातली कोंबडी आत जाऊ पाहत होती, तिला मी हाकललं. दुसरं काय करणार होते?

"मंग काऊन नाई बोलली एक वरीस?"

"कोणाले बोलू? तुमचं सांगणं सासऱ्यानं ऐकलं होतं. ते आता मेले. त्यांच्या डोक्यात तो घरीच येत होता. माह्या डोक्यात..." ती थांबली. "मले बी कधी येताना दिसते, कधी जाताना. दोनी दिसते. तुम्हाले?"

"मले येतानाही दिसत नाई, जातानाही दिसत नाई. मले तो बाजारात दिसते," मी म्हटलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिने मान डोलावली, जणू मी औषधाचा डोस सांगितला होता. "रंग लावत जाजा," ती म्हणाली, आणि गेली.

आष्टीला गेल्यावर वर्षभराने गाडी विकली. गिऱ्हाईक नदीपलीकडचं निघालं. त्याने मडगार्ड वाजवलं, टाकी वाजवली, मग उजव्या टूल बॉक्सवर बोटाचं पेर आपटलं. टणक आवाज आला. तो खाली वाकला. "इथं काय झालं, फोड आले?"

"खालचा रंग जुना आहे," मी म्हटलं. "वरचा धरत नाही."

"पत्रा धड आहे ना?"

"पत्रा धड आहे."

त्याला तेवढंच हवं होतं. त्याने किक मारली, गाडी अंगणातून बाहेर काढली आणि रस्त्याला लागला. नवरा घरात गेला. मी फाटकाशी उभी राहिले. रस्त्याच्या टोकाला पाठमोरा माणूस, उजव्या बाजूला काळा डबा. आवाज संपेपर्यंत मी तिथेच होते, आणि आवाज संपल्यावरही थोडा वेळ, कारण एखादी गाडी काही विसरून परतही येते.